घराण्याची थुंकी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कोंडीबा घडी घालायच्या टेबलावर उभा असतो. भिंतीपलीकडं माग खडखडत असतात, शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला नीट ऐकू येत नाही, तरी कोंडीबा दिवसभर बोलत असतो. ऐकणाऱ्यावाचून त्याचं कधी अडलं नाही. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं किडकिडीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि खांद्यावर कारखान्यातलाच एक डागी टॉवेल. सकाळी नऊला त्याच्या मोबाइलवर कोंबडा आरवतो. मग तो खिशातून गोळी काढतो, सगळ्या टेबलाला दिसेल अशी धरतो आणि पाण्याबरोबर गिळतो. नव्या माणसानं विचारलं की सांगतो, "डोक्याची हाय. चोरून खायला काय ती बिडी हाय व्हय?"

डोक्याची भानगड त्याच्या विशीतली. गाव सांगोला तालुक्यातलं, साल दुष्काळाचं. बायामाणसं हंडे घेऊन टँकरमागं पळत होती, आणि कोंडीबानं चौकात उभं राहून जाहीर केलं की गावात पोहण्याचा तलाव निघतोय. निळ्या फरशीचा. झोप नाही, जेवण नाही, तोंडाला विसावा नाही. गंमत अशी की लोकांनी विश्वास ठेवला. ग्रामपंचायतीचा शिपाई तर सहकुटुंब पोहायला यायला तयार झाला. वेडा कोण आणि शहाणा कोण हे ठरवायला त्या गावाला बराच वेळ लागला, आणि माझ्या मते अजून नीट ठरलेलं नाही.

मग एके दिवशी अंगातलं वारं पडलं. कोंडीबा घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला तो उठेचना. लिंबू उतरवून झालं, देवऋषी झाला, कोंबडं झालं. शेवटी त्याची थोरली बहीण बजाबाई सोलापुरात दिलेली होती, ती आली आणि त्याला एसटीत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या गोळीनं तो उठला. उठला तो बहिणीच्याच घरी राहिला, कारखान्यात लागला आणि मध्ये एकदा घसरला तेवढा सोडला तर आजपर्यंत धडधाकट आहे. पण त्या भिंतीचा पोपडा न् पोपडा त्याला पाठ आहे. त्या दिवसांबद्दल एवढा बोलघेवडा माणूस एक अक्षर बोलत नाही.

त्या भिंतीपायी त्यानं लग्न केलं नाही. कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला कलावती नावाची एक मुलगी होती, हसरी आणि जिभेनं तिखट. तिला सगळं ठाऊक होतं. "गोळी खातोस तर खा की, मी काय तुजी गोळी मागाय न्हाय आले," असं ती तोंडावर म्हणाली होती. नकार दिला तो यानंच. उद्या पोर झालं आणि ते आपल्यावर गेलं, तर त्यालाही ती भिंत बघावी लागेल, एवढाच त्याचा हिशेब होता. कलावती कुर्डुवाडीला नांदायला गेली, आज तिला नातवंडं आहेत. कोंडीबानं स्वतःची समजूत घातली की आपण शहाणपणा केला. त्या समजुतीवर त्याचं सगळं आयुष्य उभं आहे, आणि ते ठीक उभं होतं, भाचीला स्थळ येईपर्यंत.

भाची रेश्मा, बजाबाईची एकुलती एक. खासगी शाळेत मुलांना भूगोल शिकवते. स्थळ मोडनिंबचं. मुलगा अजिंक्य, शिकलेला, वडिलांचं हायवेला लागून खता-बियाण्याचं दुकान सांभाळणारा. वडील बिभीषणराव म्हणजे त्या पट्ट्यातले नावाजलेले दुकानदार. शेतकऱ्यानं कांद्याचं बी मागितलं तरी हे आधी त्याला माती तपासायला लावतात. मग कुणी जमिनीचा फुकटचा सल्ला मागायला येत नाही, असं त्यांचे शेजारी म्हणतात.

बघायला येण्याच्या दिवशी बजाबाईनं भावाला शेजारच्या गुरप्पाच्या घरी बसवलं. "पाव्हणं जाईस्तोवर तोंड दाखवू नगंस. तुजं तोंड एकदा सुरू झालं की पोरीचं लगीन राहिलं बाजूला." कोंडीबा गेला, गुरप्पाशी कानडीत गप्पा मारत बसला, आणि नऊला कोंबडा आरवला. गोळ्या राहिल्या होत्या बहिणीच्या बाहेरच्या खोलीतल्या फळीवर. पाहुणे आलेले होते. दुसरा कुणी असता तर तासभर थांबला असता. कोंडीबा सरळ आत आला, सगळ्यांना रामराम घातला, पाहुण्यांच्या डोक्यावरून हात घालून डबी काढली आणि गोळी घेतली.

"बीपी का?" बिभीषणरावांनी आपुलकीनं विचारलं. त्यांना स्वतःला आहे.

"न्हाय," कोंडीबा म्हणाला. "येडाची."

पोह्यांचा घास बिभीषणरावांच्या घशात बसला. बजाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिचे यजमान अभिमन्यूदाजी, त्याच कारखान्यात मागांची दुरुस्ती करणारे गरीब गृहस्थ, छताकडं बघत पंखा किती छान फिरतो असं काहीतरी म्हणाले. आणि खोलीत एकटी रेश्मा हसली. अजिंक्यनं तिला हसताना पाहिलं, आणि त्याच्या बाजूनं लग्न तिथंच ठरलं.

बजाबाईनं भावाशी अबोला धरला. पण मोडनिंबहून फोन आला. मुलगी पसंत, माणसं पसंत, फक्त एक तपासणी करायची. मोबाइलवर मागवता येते, नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं, घराण्यात वेडाचा अंश आहे की नाही ते कळतं. "बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल बघतो की नाही?" बिभीषणराव म्हणाले. "हे तर पोरांचं आयुष्य आहे. एक नळी मामांची, एक मुलीची. जोडी मागवली, जोडीला सवलत आहे."

"देतो की!" अभिमन्यूदाजी म्हणाले. थुंकी त्यांची नव्हतीच, मग द्यायला काय जात होतं! बजाबाईलाही हायसं वाटलं. तपासणी म्हणजे आशा. रेश्माला मात्र कुणी विचारलं नाही. तिला विचारण्यासारखं त्यात काय आहे, असंच सगळ्यांना वाटलं. बिचारीला नुसतं थुंकायचं तर होतं.

कोंडीबाची झोप उडाली. झोप उडणं हे त्याच्या बाबतीत चांगलं लक्षण नाही, म्हणून तो डोळे मिटून पडून राहिला आणि विचार करू लागला. नळीनं सांगितलं की आहे, तर रेश्माचं हे लग्न मोडलं, आणि असली बातमी एका घरात थांबत नाही, पुढची स्थळंही गेली. नळीनं सांगितलं की काहीच नाही, तर मग कलावतीला आपण कशासाठी घालवली? एवढी वर्षं कुणाच्या भीतीनं एकटा राहिलो? काहीही निघालं तरी घडी विस्कटणार होती. त्यापेक्षा न कळलेलं बरं, असं त्यानं ठरवलं. आणि हे ठरवायचा हक्क आपला आहे, एवढी त्याला खात्री होती. बाकी कशाची नव्हती.

"दर चार म्हयन्याला दवाखान्यात रगात देतोस की," बजाबाईनं अबोला मोडून विचारलं. "मग थुकी द्याया काय हुतंय?"

"ते रगात माज्या गोळीसाटी असतंय आक्का. ही थुकी त्यांच्या सोयरिकीसाटी हाय."

"सोयरीक काय शेजाऱ्याची हाय व्हय? तुज्या भाचीची हाय!"

रेश्मानं त्याला एकट्याला गाठून विचारलं, "मामा, तुला द्यायची नाहीये ना?" तो म्हणाला, "न्हाय." ती म्हणाली, "मग देऊ नकोस." पण ती उठून गेली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला त्याला दिसला. अजिंक्यचे फोन आता रोज येत होते, आणि पोरगी फोनवर बोलताना अंगणात फेऱ्या मारायची. त्या फेऱ्या कोंडीबा खिडकीतून बघायचा आणि त्याचा जीव तुटायचा.

रविवारी बैठक बसली. मोडनिंबहून बिभीषणराव, अजिंक्य आणि बिभीषणरावांची थोरली बहीण सिद्धेश्वरीआत्या आल्या. आत्यांच्या अंगात देवी येते आणि येते तेव्हा ती मानपानाचंच बोलते, त्यामुळं त्यांना सगळे वचकून असतात. बिभीषणरावांनी खोक्यातून दोन नळ्या काढून सतरंजीवर मांडल्या आणि नियम सांगितला. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही.

पाहुणे आले आहेत आणि चहा नाही! बजाबाईच्या घरात असा प्रसंग कधी आला नव्हता. ती दर थोड्या वेळानं सवयीनं "च्या टाकते" म्हणून उठायची आणि कुणीतरी तिला खाली बसवायचं. मयताच्या घरीसुद्धा एवढी अवघडलेली माणसं बसत नाहीत.

तेवढ्यात कोंडीबानं तोंड उघडलं. "पाव्हणं, एक इचारू का? साकरपुड्याला साकर दोन्हीकडनं येती. मग थुकी एकाच घरची का?"

बिभीषणरावांना राग आला नाही. त्यांना आपल्या वाणाची खात्री होती. "बरोबर आहे. एक नळी तुमच्या घराण्याची, एक आमच्या घराण्याची. होऊन जाऊ द्या."

"आण्णा, एका नळीत एकाच माणसाची घ्यायची असते," अजिंक्य हळूच म्हणाला. "खोक्यावर लिहिलंय."

"तू गप. तुझं कॉमर्स झालंय, माझी हयात नमुने भरण्यात गेलीय." आणि बिभीषणरावांनी मंडळींना समजावून सांगितलं, रोज दुकानात सांगतात तसंच. शेताच्या एकाच कोपऱ्यातली माती पाठवली तर अहवाल खोटा येतो. चार ठिकाणी खणायचं, मधलीही घ्यायची, सगळी माती एकत्र कालवायची, मग त्यातला थोडा नमुना पाठवायचा. तेव्हा कुठं रानाचा खरा गुण कळतो. घराण्याचंही तसंच. एकट्यादुकट्याच्या थुंकीत काय कळणार? सगळ्यांची थोडीथोडी कालवली पाहिजे.

हे इतकं पटण्यासारखं होतं की अभिमन्यूदाजींनी मान डोलावली. कारखान्यातही धाग्याची परीक्षा एका कांडीवरून करत नाहीत.

मग मानपानाप्रमाणं थुंकणं सुरू झालं. मोडनिंबच्या नळीचा पहिला मान सिद्धेश्वरीआत्यांना. त्यांचा त्या दिवशी उपास होता, तोंडाला कोरड पडली होती. बजाबाईला युक्ती सुचली. खायचं नाही म्हणालेत, बघायचं नाही असं कुठं म्हणालेत? तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली, झाकण काढलं आणि ओवाळल्यासारखी सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवली. खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडाला एकदम पाणी सुटलं. आत्या मान राखून थुंकल्या. बिभीषणरावांनी आपला वाटा घातला. अजिंक्यनं बापाच्या डोळ्याकडं बघून घातला.

इकडं सोलापूरच्या नळीत बजाबाई पहिली. ती सकाळी मिश्री लावते, दुपारी मिश्री लावते, मधल्या वेळेत लावलेली मिश्री चघळते. नळीतला रंग बघून आत्यांनी भुवया उंचावल्या. "ह्यो तुमच्या घराण्याचाच रंग म्हनायचा का?" दाजींना लोणच्यानंही काही सुटेना, भीतीनं त्यांचा घसा वाळला होता. त्यांनी कसाबसा एक थेंब घातला आणि माफी मागितली.

"रेश्माची कुठल्या नळीत घ्यायची?" दाजींनी विचारलं.

तिथं घोडं अडलं. "पोरगी लगीन झाल्यावर आमचीच," आत्या म्हणाल्या. "आमच्या नळीत घाला." बजाबाई उसळली. "अजून अक्षदा पडल्या न्हाईत! तवर आमची हाय." आत्यांनी डोळे मोठे केले, मान हलवायला लागल्या, देवी यायच्या बेतात आली. बिभीषणरावांनी घाईघाईनं तोडगा काढला की मुलीची कुठंच नको. एवढा सगळा घाट जिच्या पोटच्या पोरांसाठी घातला होता, तिलाच दोन्ही नळ्यांतून वगळलं, आणि दोन्ही घरांचं त्यावर एकमत झालं.

"आन थोरल्या दादाचं काय?" देवी परत गेल्यावर आत्यांना आठवलं. "त्याची बी घ्याय पायजे की."

बिभीषणरावांनी बहिणीकडं असं पाहिलं की देवीसुद्धा दचकली असती. पण बजाबाईनं कान टवकारले होतेच. "थोरले कोन?" मग हळूहळू बाहेर आलं. थोरले बंधू वाटणीच्या वेळी लिंबाच्या झाडावर जाऊन बसले होते ते सरकारी मोजणी पुरी होईतो उतरले नव्हते. जेवण दोरीनं वर जायचं. अजूनही पाऊस लांबला की ते कुणाशी बोलत नाहीत, महिना महिना.

"तो बांधाकडचा नमुना आहे," बिभीषणराव कोरडेपणानं म्हणाले. "बांधाकडची माती घ्यायची नसते. नियम आहे."

"मग मी बी बांधाकडचाच की," कोंडीबा म्हणाला. "मला बी सोडा."

"असं कसं? रोग तिथंच आहे, तर माती तिथलीच पाहिजे."

"म्हंजे तुमचा बांध सुटतो आन आमचा तेवढा खनायचा व्हय?"

दाजींनी नळी त्याच्या तोंडाशी धरली. बजाबाईनं बरणी धरली. लोणच्याचा वास थेट टाळूला भिडला, कोंडीबाच्या तोंडात पाणी जमलं. सगळी खोली त्याच्या तोंडाकडं बघत होती. कोंडीबानं गिळून टाकलं.

"न्हाय द्यायची," तो म्हणाला. "माजं तोंड हाय. मी काय लपीवलंय का तुमच्यापास्नं? पैल्या दिवशीच सांगितलं, येडाची गोळी हाय. आता पुडं त्या थुकीत काय हाय ते मला कळून घ्यायचं न्हाय. लई वर्सामागं मी ठरीवलं, आपल्याला पोर नगं. एक चांगली बाई परत धाडली. आता तुमची नळी म्हनली की कोंड्या, उगाच धाडलीस, तर मी काय करू? तिला कुर्डुवाडीस्नं माघारी आनू?"

बजाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भावाला बाई नकोच असते असं ती सगळ्यांना सांगत आली होती. तिच्या हातातली बरणी खाली आली.

आतून रेश्मा चहाचा ट्रे घेऊन आली. थुंकणं अजून पुरं व्हायचं होतं. तिनं पहिला कप मामाच्या हातात दिला, दुसरा आत्यांना, तिसरा बिभीषणरावांना. "घ्या. आणि आण्णा, मला कुणी विचारलं नाही, पण सांगते. मलाही नाही द्यायची." अजिंक्यनं आपण होऊन कप उचलला आणि भुरका मारला, जरा मोठ्यानंच. तपासणी तिथंच बाटली.

बिभीषणराव हट्टी माणूस. त्यांनी होत्या त्या नळ्यांची झाकणं लावली आणि तशाच पाठवून दिल्या. पुष्कळ दिवसांनी कंपनीचा निरोप आला. दोन्ही नळ्यांत एकाहून जास्त माणसं सापडली आहेत, तरी कृपया एका नळीत एकाच व्यक्तीची लाळ द्यावी, सोबत नव्या नळ्या पाठवत आहोत. मिश्रीबद्दल एक शब्द नव्हता, याचा बजाबाईला अभिमान वाटला.

कोंडीबाला वाटलं, आता नव्या नळ्या घेऊन हे आपल्या उरावर बसणार. झालंही तसंच. एका दुपारी कारखान्याच्या फाटकावर बिभीषणराव उभे, पिशवीत नळ्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. चहाच्या गाड्यावर बराच वेळ ते ग्लास हातात फिरवत बसले.

"मामा, दादा झाडावरून खाली बघायचा ना, तेव्हा जेवणाची दोरी धरून मी उभा असायचो," ते म्हणाले. "ते डोळे मी विसरून गेलो होतो. त्या बैठकीपासून रोज आठवतात. आता मला भीती तुमची नाही, माझीच वाटते. ही नळी मी भरू का नको?"

ज्याचा इतके दिवस राग आला होता तो माणूस कोंडीबाला आपल्यासारखाच घाबरलेला दिसला. "मला काय ठावं?" कोंडीबा म्हणाला. "माज्या डॉक्टरीणबाईंना इचारू चला."

दवाखान्यात चौघं गेली, कारण रेश्मा आणि अजिंक्यही हटून बसली. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला सरळ. त्यांनी नळ्यांची हकिगत ऐकली, लोणच्यापाशी येऊन त्यांना हसू आवरेना, मग गंभीर झाल्या. हा आजार असा एका गाठीत बांधून येत नाही, त्या म्हणाल्या. शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात, शिवाय माणसाचं आयुष्य असतं. भाचरांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, पण बहुतेकांना काहीच होत नाही. होईल की नाही, हे असली नळी सांगूच शकत नाही. आणि सांगू शकली असती तरी ज्याची थुंकी त्याची मर्जी. सोयरिकीसाठी कुणाला थुंकायला लावणं बरं नव्हे.

"म्हणजे उगवण किती टक्के धरायची?" बिभीषणरावांना आकडा हवाच होता.

"काका, मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा बिभीषणरावांना लेबल नसलेली पिशवी उचलायची होती. त्यांनी मुलाकडं पाहिलं. अजिंक्य म्हणाला, "आण्णा, मी लग्न करणार आहे. तुम्ही आलात तर बरं दिसेल." बिभीषणरावांनी नळ्या पिशवीत टाकल्या, बियाण्याचे नमुने ठेवायला होतील म्हणाले, आणि थोरल्या दादाला इथं कधी आणता येईल हे विचारायला डॉक्टरीणबाईंपाशीच थांबले.

कोंडीबा दारापाशी घुटमळला. "बाई, मी तवा... तीस वर्सामागं... ही तपासनी असती तर मला कळलं असतं का?"

"नाही मामा. आजही कळत नाही."

तो बाहेर येऊन बाकड्यावर बसला. म्हणजे कळायला जागाच नव्हती. कलावतीला परत धाडलं ते चूक की बरोबर, हे कोणत्याच नळीत नव्हतं. इतक्या वर्षांचा शहाणपणा निव्वळ अंदाज होता. आता यावर हसावं की काय करावं ते त्याला समजेना. रेश्मा येऊन शेजारी बसली.

"ऐकलंस न्हवं?" तो म्हणाला. "कायबी सांगता येत न्हाय. उद्या तुजं पोरगं माज्यावर गेलं तर?"

"गेलं तर गेलं."

"गेलं तर गेलं काय? बोलाय सोपं असतंय."

"अरे, मी लहानाची मोठी कुणाच्या घरात झाले?" रेश्मा म्हणाली. "शाळेत कोण सोडायचं मला? माझे दात पडले तेव्हा कोण रडलं होतं? तुझ्यासारखं माणूस घरात असलं तर काय होतं, ते मला ठाऊक आहे मामा. मला चालतंय."

कोंडीबानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तीस वर्षं तो एका पोराला घाबरत आला होता, आपल्यासारख्या पोराला. ते पोर कुणाला तरी हवं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेऊन तो रडायला लागला. रुग्णांच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली, तरी त्याला थांबता येईना.

आतून बिभीषणराव धावत आले. मामाची ती अवस्था बघून त्यांची पाचावर धारण बसली. "काय झालं? डॉक्टरीणबाईंना बोलवू का? मामा, त्रास होतोय का?"

कोंडीबानं टॉवेलाआडूनच हात हलवला.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं," तो म्हणाला. "हे रडनं आजाराचं न्हाय. हे माजं हाय."